रात्रीची लाइट आणि घशाशी येणारं आंबट पाणी

प्रश्न : वय ४६. वाळवा तालुक्यात चार एकर ऊस आहे. थ्री-फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते. रात्रीच्या आठवड्यात डेअरीला दूध घालून, गुरांचं आवरून जेवायला साडेदहा वाजतात. तीन भाकरी, आमटी, वर खर्डा नाहीतर तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी. तासभर आडवा होतो आणि बाराला मोटार चालू करून दारं धरायला, उसाला पाणी पाजायला जातो. वाकलं की आंबट पाणी घशाशी येतं, छातीत जळजळतं. मग अर्धा चमचा खायचा सोडा पाण्यातून घेतो. ढेकर आली की बरं वाटतं, तासाभरात पुन्हा तेच. जागं राहायला खिशात भडंग असतो. जळजळ वाढली की मेडिकलमधून आणलेली पँटोप्राझोलची गोळी घेतो, दोन वर्षं झाली. कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅकही अधूनमधून लागते. आई म्हणते, जेवताना पाणी पितोस म्हणून जठराग्नी विझलाय. मित्र म्हणतो, पित्त वाढलंय, दूध पी. सकाळी चहा घेतला की लगेच परसाकडं पळावं लागतं, मग खाल्लेलं अंगी लागतं का? मक्याचे दाणे तर जसेच्या तसे पडतात. माझी पचनशक्ती गेलीय का?

– एक वाचक, जि. सांगली

उत्तर :

दादा, पचनशक्ती गेल्याची एकही खूण तुमच्या पत्रात नाही. जठर आपलं काम नीट करतंय, पण त्याला तीन-चार तास लागतात आणि तुम्ही त्याला एक तास देताय. तोही आडवं होऊन.

आधी ‘पित्त’ या शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे आंबट ढेकर आली की पित्त झालं म्हणतात. खरा पित्तरस यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि लहान आतड्यात उतरतो. तो हिरवट-पिवळा आणि कडू असतो. तुमच्या घशाशी जे येतं ते जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे ॲसिड. ते लिंबाच्या रसाहून तीव्र असतं आणि तसं असणं गरजेचंच आहे, कारण त्याशिवाय पेप्सिन हे प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) कामाला लागत नाही आणि अन्नातले जंतूही मरत नाहीत. तुमच्यासारखा त्रास असणाऱ्या बहुतेकांच्या जठरात ॲसिड जास्त नसतंच. ते नको तिथं चढतं, एवढीच भानगड असते. जठराला आतून चिकट श्लेष्माचं अस्तर आहे, अन्ननलिकेला तसलं संरक्षण नाही. म्हणून तेच ॲसिड खाली असताना कळत नाही आणि वर आलं की जाळतं.

आता तुमच्या साडेदहाच्या जेवणाचं काय होतं ते बघा. भाकरीचा घास नीट चावला तर थोड्या वेळात गोडसर लागतो, कारण लाळेतलं विकर पिष्टाची साखर करायला तोंडातच सुरुवात करतं. दिवसाला लिटर-दीड लिटर लाळ सुटते. गिळलेला घास साधारण २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून आठ-दहा सेकंदांत खाली सरकतो, तळाची झडप उघडते, घास जठरात पडतो, झडप मिटते. इथवर सगळं झटपट चालतं. खोळंबा पुढं आहे.

तुमच्या भागात गळीत हंगामात कारखान्याचा गाडीतळ कसा भरतो ते वेगळं सांगायला नको. उसाच्या गाड्या कितीही येवोत, गव्हाणीत ऊस पडतो तो चरकाला झेपेल तेवढाच. गव्हाण भरलेली असेल तर गाडी तळावरच थांबते आणि ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून काही उपयोग होत नाही. जठर हा गाडीतळ आहे. लहान आतड्याचा पहिला वीतभर भाग, आद्यांत्र, ही गव्हाण. दोन्हींच्या मधे स्नायूचं गोल दार आहे. जठर मिनिटाला साधारण तीन वेळा घुसळतं, अन्नाचा पातळ रबडा करतं आणि त्या दारातून एका वेळी थोडे मिलिलिटरच पुढं ढकलतं. किती सोडायचं हे मात्र जठर ठरवत नाही. पुढं बसलेलं आतडं ठरवतं.

ते कसं? आंबट रबडा आद्यांत्रात पोचला की तिथल्या पेशी सिक्रेटिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) रक्तात सोडतात. ते स्वादुपिंडाला पोचतं आणि स्वादुपिंड सोड्यासारख्याच अल्कधर्मी क्षाराचं पाणी ओततं. आलेलं ॲसिड तिथल्या तिथं निवतं. म्हणजे तुम्ही चमच्यानं घेता तो सोडा शरीर स्वतःच तयार करतं, फक्त योग्य जागी आणि मापात. रबड्यात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं असतील तर कोलेसिस्टोकायनिन नावाचं दुसरं संप्रेरक सुटतं. त्यानं पित्ताशय आकसून पित्तरस सोडतं, स्वादुपिंडातून चरबी तोडणारी विकरं येतात आणि त्याच वेळी जठराला ब्रेक लागतो : दार घट्ट, घुसळणं मंद. मागचा माल संपेपर्यंत नवी गाडी नाही.

हे सगळं मज्जातंतूंच्या हुकमावरच चालतं, असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मानलं जायचं. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी कुत्र्याच्या आतड्याचा एक तुकडा सगळ्या नसा तोडून वेगळा केला, रक्तवाहिन्या तेवढ्या ठेवल्या आणि आत ॲसिड घातलं. नस एकही नव्हती, तरी स्वादुपिंडातून रस सुटला. निरोप रक्तातून गेला होता. तो नेणारं सिक्रेटिन हा संप्रेरक म्हणून ओळखला गेलेला पहिला पदार्थ. नसांचं काम खोटं ठरलं असं नाही. फोडणीचा वास आला की जठरात रस सुटायला लागतो तो मेंदूकडून आलेल्या मोठ्या नसेमुळंच. आतड्याच्या भिंतीतसुद्धा कोट्यवधी मज्जापेशींचं स्वतःचं जाळं आहे, मेंदूला न विचारता बरंच काही उरकणारं.

तर ब्रेक लावतात ती मुख्यतः चरबी. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं. त्याच्या चटणीवर तुम्ही आणखी तेल सोडता. साधं पाणी वीस-पंचवीस मिनिटांत बरंचसं पुढं जातं, मऊ भात-वरण दोन-तीन तासांत, पण असं तेलकट, भरपेट जेवण चार तास, कधी त्याहून जास्त जठरात राहतं. साडेदहाला जेवून बाराला तुम्ही बांधावर वाकता तेव्हा तीन भाकऱ्यांतला बराचसा माल अजून तळावर असतो.

अन्ननलिकेच्या तळाची झडप नेहमी ताणून मिटलेली असते असंही नाही. जठराचा वरचा भाग फुगला की नसेमार्फत निरोप जातो आणि झडप काही सेकंद आपोआप ढिली पडते. हवा बाहेर पडावी म्हणून केलेली ही सोय आहे, ढेकर म्हणतो ती हीच. पोट गच्च असलं की झडप पुन्हा पुन्हा ढिली पडते आणि हवेबरोबर ॲसिडही वर येतं. उभ्या माणसात ते लगेच खाली ओघळतं. आडवं पडल्यावर तो उतार राहत नाही. झोपेत लाळ जवळजवळ आटते, गिळणंही कमी होतं, त्यामुळं वर आलेलं ॲसिड धुऊन काढायलाही काही नसतं. त्यात जेवण नसतानाचा ॲसिडचा पाझर संध्याकाळनंतर आणि रात्रीच्या पहिल्या भागात सर्वांत जास्त असतो. दारं धरताना कमरेतून वाकलं की भरलेलं जठर खालून दाबलं जातं. तंबाखू किंवा मिश्री असेल तर तीही झडप ढिली करते. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण विचारणं भाग आहे.

सोड्याचं आता कळलंच असेल. अर्धा चपटा चमचा म्हणजे दोन-सव्वादोन ग्रॅम सोडा. सगळ्याची ॲसिडशी गाठ पडली तर अर्ध्या लिटरहून जास्त वायू होतो. ॲसिड तात्पुरतं मरतं म्हणून आराम वाटतो, पण वायूनं जठर फुगतं, झडप ढिली पडते, ढेकरेबरोबर उरलेलं वर येतं. तासाभरात नवं ॲसिड तयार असतंच. शिवाय त्या अर्ध्या चमच्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम असतं. मोठ्या माणसानं दिवसभरात सगळं मिळून २,००० मिलिग्रॅमच्या आत राहावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रात्रीत दोनदा सोडा आणि वर खर्ड्यातलं मीठ, हा हिशेब रक्तदाबाला परवडत नाही. भरल्या पोटावर सोडा तर घेऊच नका. दुधाचंही तसंच. गिळताना गार वाटतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी ॲसिड सोडायला लावतात.

गोळीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात मोठी चूक तिथं आहे. जळजळ सुरू झाल्यावर पँटोप्राझोल घेणं म्हणजे पाणी उसात शिरल्यावर दार बांधायला जाणं. ही गोळी जठरातल्या ॲसिड सोडणाऱ्या पंपांना कुलूप घालते, पण चालू पंपालाच. पंप जेवणानं चालू होतात. म्हणून ती जेवणाआधी अर्धा ते एक तास, उपाशीपोटी, न चावता, न फोडता घ्यायची. पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस जातात. लागेल तेव्हा एक अशी घेऊन तिचा उपयोग फारसा होत नाही.

दोन वर्षं डॉक्टरांना न दाखवता चालवलेली गोळी आता उद्यापासून एकदम टाकूही नका. जठर ॲसिडची पातळी सतत मोजत असतं. ॲसिड पुरेसं झालं की गॅस्ट्रिन हे संप्रेरक कमी होतं आणि पाझर आपोआप थांबतो. गोळीनं ॲसिड कमी ठेवलं की गॅस्ट्रिन वाढत जातं. गोळी अचानक थांबली की ते साचलेलं गॅस्ट्रिन पंपांना जोरात हाकतं आणि काही आठवडे जळजळ आधीपेक्षा वाढू शकते. माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवाय चालतच नाही. रोज घेत असाल तर ती कमी कशी करायची ते डॉक्टरांना ठरवू द्या. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी पडू शकतं, तेही एकदा तपासून घ्या.

डायक्लोफेनॅक त्याहून वाईट. जठराचं श्लेष्माचं अस्तर ज्या द्रव्यांमुळं टिकतं, तीच ही गोळी बंद पाडते. वेदना त्याच द्रव्यांनी होते, म्हणून गोळी लागू पडते, आणि अस्तरही त्याच द्रव्यांवर टिकून असतं, म्हणून जखम होते. कंबरेसाठी दुसरा उपाय डॉक्टरांकडून घ्या. कुठलीही गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर ती अन्ननलिकेतच अडकून तिथं चटका देते.

लाइटची वेळ तुमच्या हातात नाही, जेवणाची थोडीफार आहे. रात्रीच्या आठवड्यात मुख्य जेवण दुपारी करा. खर्डा, चटणी, तेल, काय हवं ते तेव्हा. संध्याकाळी डेअरीवरून आल्या आल्या, गुरांचं बाकीचं आवरायच्या आधी, साडेसात-आठच्या आत जेवा : एक-दीड भाकरी, पातळ आमटी किंवा पालेभाजी, शेंगदाण्याचं काहीही नको. आठला जेवून अकराला आडवं झालात तर तीन तास मिळतात आणि बाराला वाकाल तेव्हा जठर बरंच रिकामं असेल. निघताना भूक लागलीच तर एखादं केळ पुरे. वाकताना कमरेतून न वाकता गुडघ्यात बसा, पँटचा पट्टा किंवा नाडी ढिली ठेवा.

भडंग मात्र घरीच ठेवा. त्यात तेल आणि शेंगदाणे आहेत हे एक. दुसरं कारण असं की पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत एक झाडलोटीची लाट जाते, उरलेसुरले कण आणि जंतू पुढं लोटत. उपाशीपोटी गुरगुर ऐकू येते ती बहुधा हीच. तोंडात मूठभर काही गेलं की लाट थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून वाट बघावी लागते. रात्रभर मूठ-मूठ खाणाऱ्याच्या आतड्यात झाडू फिरतच नाही.

पहाटे परत आल्यावर लगेच भरपेट खाऊन झोपू नका. कॉटच्या उशाकडचे दोन पाय सहा ते आठ इंच उचला. लाकडी ठोकळ्यांना खाच पाडून त्यात पाय बसवले तर सरकत नाहीत, नुसत्या विटा हलतात. दोन उशा घेऊन काम होत नाही, कारण मान तेवढी वर जाते आणि पोटाला घडी पडते. जमिनीवर झोपत असाल तर गादीखाली कमरेपासून वर उतार होईल असं काहीतरी सारा. डाव्या कुशीवर झोपा. जठराचा फुगीर भाग डावीकडे आहे, त्या कुशीवर ॲसिडचं डबकं झडपेच्या खाली राहतं, उजव्या कुशीवर ते झडपेवर येतं. हा फरक पहिल्या रात्रीच जाणवण्यासारखा आहे.

हे सगळं करा, पण मिरजेत, सांगलीत किंवा कराडला पोटविकारतज्ज्ञांना एकदा दाखवाच. दोन वर्षांचा त्रास, चाळिशी ओलांडलेली आणि डायक्लोफेनॅक, एवढं दुर्बिणीची तपासणी करायची का हे विचारायला पुरेसं आहे. तपासणीला सहा-आठ तास उपाशी जावं लागतं. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची शौचाची किंवा श्वासाची तपासणी सांगितली तर पँटोप्राझोल आधी दोन आठवडे बंद लागते, नाहीतर जंतू असूनही नाही असं येऊ शकतं. तपासायला जाताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. घास अडकायला लागला, वजन उतरलं, डांबरासारखी काळी शौच झाली किंवा उलटीत रक्त दिसलं तर हा आठवडा सरण्याची वाट बघू नका. आणि छातीतलं जळणं चालताना वाढत असेल, जबड्यात, डाव्या हातात जात असेल, घाम सुटत असेल, तर त्याला गॅस म्हणत बसायचं नाही. सोडा नाही, गोळी नाही, थेट १०८ आणि ईसीजी.

आईंना सांगा, जेवताना पेला-दोन पेले पाण्यानं काही विझत नाही. पाणी लवकर पुढं जातं आणि ॲसिड पातळ झालं की जठर ते पुन्हा भरून काढतं. तांब्याभर ढोसलं तर पोट फुगून झडप ढिली पडते, एवढंच. त्यांच्या म्हणण्यात तथ्य तेवढंच आहे.

चहानंतर परसाकडं पळावं लागतं तो दोष नाही. जठर ताणलं की मोठ्या आतड्याला जागा करायचा निरोप जातो आणि उठल्यानंतर सकाळी तो सर्वांत जोरात असतो. अंगावर पिणारं बाळ पिता पितानाच दुपटं घाण करतं, त्याचंही कारण हेच. चहा तसाच बाहेर पडत नाही. पडतं ते कालचं, परवाचं. लहान आतड्यातून जायला चार-सहा तास लागतात, दीड मीटरच्या मोठ्या आतड्यात एक-दोन दिवस. प्यायलेलं आणि पाचकरसाचं मिळून दिवसाला नऊएक लिटर पाणी आतड्यात येतं आणि त्यातलं शे-दीडशे मिलिलिटरच बाहेर जातं, बाकी सगळं परत शोषलं जातं. म्हणजे अंगी लागतंय. रात्री रानात कळ आली तर दाबून धरू नका. थांबलेल्या मळातून पाणी शोषलं जातच राहतं आणि सकाळी खडा होतो.

मक्याच्या दाण्याचं टरफल सेल्युलोजचं असतं. ते फोडणारं विकर माणसाकडे नाही, तुमच्या म्हशीच्या पोटातल्या जंतूंकडे आहे. आतला पिष्टाचा भाग पचतो, पण टरफल दातानं फुटलं तरच रस आत शिरतो. पुढच्या कणसाला घास जरा जास्त वेळ चावून बघा.